आरती राह्यली

रविवार, १२ फेब्रुवारी १९८४

प्रिय नलू,

अनेक आशीर्वाद. (तू पत्रात दोन ठिकाणी ‘आशिर्वाद’ लिहिलंस. परदेशात आठ गाणी एकटीने गाणाऱ्या बाईने निदान आशीर्वाद तरी नीट मागावा.)

तुझं पत्र एक तारखेला मिळालं आणि आज बारा. तुला वाटलं असेल, गुरुजी आजारी-बिजारी पडले की काय. नाही गं बाई, ठणठणीत आहे. विमलाकाकूला विचारशील तर ती म्हणेल, आजारी माणूस पुरवला, तो निदान एका जागी पडून तरी राहतो. ह्या दिवसांत मी घरातल्या घरात इतक्या येरझाऱ्या घातल्या की शेवटी तिने वैतागून माझ्या हातात झाडू दिला, फिरताच आहात तर झाडून तरी काढा म्हणाली. शाळेतही तेच. तिसरीला पाढे सांगताना मी सात सत्ते एकोणपन्नासवरून एकदम सात नवे त्रेसष्टवर उडी मारली आणि चाळीस पोरांनी खड्या आवाजात माझ्यामागून तसंच म्हटलं. एकानेही टोकलं नाही. गुरुजी म्हणतात म्हणजे बरोबरच असणार. मी खुर्चीत बसलो आणि पोरांना लवकर सोडून दिलं.

तू पत्रासोबत पाठवलेला छापील कागद माझ्या टेबलावर, शाईच्या दौतीखाली होता. वडिलांची संमती, मुलगी अविवाहित असल्यामुळे. खाली तुझ्या बापाच्या, नत्थूच्या, अंगठ्याची जागा, त्याच्याखाली एका साक्षीदाराची सही. वीस तारखेच्या आत मुंबईला पोचला तर तू दौऱ्यावर जाणार, नाही पोचला तर तुझ्या जागी दुसरी मुलगी जाणार. आणि शेवटी तू लिहिलंस, ‘गुरुजी, तुम्ही म्हणाल तसंच करीन.’ अगं, हे वाक्य लिहिताना तुझा हात जराही अडला नाही का? माझी झोप त्याने उडवली.

तुझी पत्रं तुझ्या बापाला वाचून दाखवायचं काम गेली पाच वर्षं माझ्याकडे आहे. बाजाराहून परत येताना तो सायकल शाळेच्या फाटकाला टेकवतो, टोपलीतलं उरलंसुरलं, चार वांगी म्हण, सांभाराची (तुमच्या मुंबईची कोथिंबीर) एखादी जुडी म्हण, वर्गाच्या खिडकीत ठेवतो आणि विचारतो, नलूचं काई आलं काय? एक तारखेला मी म्हणालो, नाही. चारला म्हणालो, नाही. सातला म्हणालो, सध्या टपालाचा जरा गोंधळच आहे. बिचारा पोस्टमन. वीस वर्षांत त्याने ह्या गावचं एक कार्ड हरवलं नाही आणि मी त्याच्या नावावर खुशाल ठपका ठेवला. नत्थू म्हणाला, येईन पत्र, पोरीले काम असन. आणि गेला.

बाकी इकडचं सगळं ठीक. ह्या साली टमाटर इतकं आलं आहे की पवनारच्या बसमध्ये माणसांपेक्षा टोपल्याच जास्त. नत्थूने नदीच्या वाळूत टरबूज-खरबुजांची डांगरवाडी लावली आहे, वेल चांगले धरलेत. तुझ्या आईचे, गोपिकावहिनींचे, गुडघे दुखतात, पण खुरपायला जायचं सोडत नाहीत. तुझा तो फोटो, म्हणजे तू मुंबईला जाताना माझ्याकडून नेलेला भजनाचा फोटो, तू चौकटीत बसवून घेतलास आणि दर कार्यक्रमाला निघताना त्याच्या पाया पडतेस, हे मी त्यांना मागच्या पत्रातून वाचून दाखवलं होतं. त्यांनी पदराने डोळे पुसले. मी चष्मा पुसला. त्या फोटोबद्दल मला तुला काही सांगायचं आहे. पण आधी तुझं म्हणणं.

तुझं म्हणणं मी टाकून देण्याजोगं समजलो नाही, हे आधी लिहितो. पाच वर्षं कोरसमध्ये तिसऱ्या रांगेत उभी राहून तू काढलीस. आता आठ गाणी तुझी एकटीची, तुझं नाव जाहिरातीत. दोन कार्यक्रम मॉरिशसला आणि मग पुढे गुपचूप दक्षिण आफ्रिकेत, डर्बन आणि जोहान्सबर्ग धरून बारा. आपल्या पासपोर्टवर त्या देशासाठी चालणार नाही असं लिहिलेलं असतं, पण तुमचा एजंट म्हणतो, काही काळजी नाही, तिथले लोक शिक्का सुट्या कागदावर मारतात, परतल्यावर कुणाला पत्तासुद्धा लागत नाही. हे तू मला धीर यावा म्हणून लिहिलंस ना? मला त्याचीच धास्ती बसली. तू पुढे लिहिलंस, ऐकायला येणारे आपलेच लोक आहेत, शंभर वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांत कामाला नेलेल्यांची नातवंडं-पतवंडं. त्यांनी कुणाचं काय बिघडवलं? हे खरं आहे. तू लिहिलंस, दोन कार्यक्रम गोऱ्यांच्या मोठ्या हॉटेलात आहेत, तिथे काळ्या माणसाला झाडायला येता येतं, खुर्चीवर बसायला नाही. ‘पण हा नियम मी केलेला नाही ना गुरुजी, मी फक्त गाणार.’ हेही खरं आहे. मी फक्त गाणार. हे तीन शब्द मी ओळखतो, नलू. त्यांची माझी जुनी ओळख आहे.

तू चौथीत असताना मी तुला तो धडा शिकवला होता, गांधीजींना रेल्वेच्या डब्यातून सामानासकट खाली उतरवलं तो. परीक्षेत तू स्टेशनचं नाव चुकलीस आणि मी अर्धा गुण कापला म्हणून घरी जाऊन रडलीस. तोच हा देश. पण धडा शिकवणं निराळं आणि घरच्या पोरीला नाही म्हणणं निराळं. म्हणून मागच्या रविवारी मी सायकल काढून सेवाग्रामला गेलो. डर्बनहून कुणी पाहुणे आलेत असं आपल्या भजनातल्या तानबाच्या मुलाने सांगितलं होतं. भेटले. सत्तरीचे गृहस्थ, आजोबा तमिळ मुलुखातून ऊस तोडायला गेलेले, मोडकं हिंदी बोलत होते. मी तुझं नाव घेतलं नाही, नुसतं विचारलं, आमच्या इकडचं कुणी गायला आलं तर तुम्हाला कसं वाटतं? ते म्हणाले, आम्ही गाण्यासाठी आसुसलेलो असतो. कुणी आलं की आमच्या बायका नव्या साड्या काढतात. मी म्हणतो, येऊ नका, आणि माझी बायको दोन दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. पण मास्टरजी, कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. बघा, इथे सगळे कसे मजेत आहेत, हिंदुस्थानचे कलाकारसुद्धा येतात. माझा धाकटा भाऊ तुरुंगात आहे, त्याला तो पेपर मुद्दाम नेऊन दाखवतात.

फोटो म्हटल्यावर मी उठलो. पाणी प्यालो आणि निघालो. येताना धाम नदीच्या पुलावर सायकल उभी करून बसलो होतो, ओळखीची दोन माणसं विचारून गेली, गुरुजी, तब्येत तं बरी हाय ना?

तुला सरळ लिहायचं, जाऊ नकोस. एवढंच ना? चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. तुला कुणी जाऊ नकोस म्हणू शकेल, त्या पाहुण्यांना तो हक्क आहे, तुझ्या बापाला आहे. मला आहे की नाही हे तू पुढचं वाचल्यावर ठरव.

आपल्या गावच्या भजनाचा कायदा तुला ठाऊक आहे. खंजिरीवर पहिली थाप पडली की आरती होईपर्यंत कोणी उठायचं नाही. तुम्हा पोरांना वाटायचं, हे फार पुराणं काही आहे. नाही गं. तो कायदा मी केला. मी इथे नवीन बदलून आलो तेव्हा लोक भजनाला येऊन तंबाखू मळायचे, मधूनच उठून बैल बांधायला जायचे, परत येऊन भलत्याच्याच जागी बसायचे आणि तिथे भांडण. मला भारी राग यायचा. मी सांगून टाकलं, बसायचं तर आरतीपर्यंत, नाहीतर येऊच नका. आणि लोकांनी ऐकलं! दोन-तीन वर्षांत तो गावचा नेमच होऊन बसला. तानबाची म्हैस व्यायला टेकली तेव्हा त्याच्या बायकोने तीनदा निरोप पाठवला, पण हा पठ्ठ्या ताट फिरेपर्यंत टाळ कुटत राहिला. घरी गेला तर पारडू उभं राहून दूध पीत होतं. आणि तू, सात वर्षांची असशील. तुला लघवीला लागली होती. एका हाताने नत्थूचं धोतर घट्ट धरलेलं, डोळ्यांत पाणी, पण उठली नाहीस. आरती झाल्याबरोबर नत्थू तुला काखोटीला मारून पळाला, तरी उशीर व्हायचा तो झालाच. सगळं गाव हसलं. मी नाही हसलो. मला अभिमान वाटला होता.

नत्थूची आणि माझी एक खूण होती. भजन पुरेसं रंगलं असं त्याला वाटलं की तो खंजिरीवरचा हात हळू करायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी मान हलवली की पेटीवाला आरतीचा सूर धरायचा. बारा वर्षांत मी कधी त्याला नाही म्हटलं नव्हतं. केव्हा थांबायचं हे माझ्यापेक्षा त्याला जास्त कळायचं.

आता शहात्तर साल आठव. आणीबाणी. तू पंधरा वर्षांची होतीस, तुला बरंच कळत होतं. सडकेवर जीपचा आवाज आला की बापे माणसं हातातलं काम टाकून तुरीत पळायची. जेवणाची ताटं तशीच राहायची. कुणाची दोन मुलं असोत, कुणाला एकही नसो, नसबंदीच्या गाडीत घातलं की घातलं. आम्हा मास्तरांना तर प्रत्येकी किती माणसं आणायची ते ठरवून दिलं होतं आणि मी एकही आणलं नव्हतं. दिवाळीनंतर तालुक्याहून एक साहेब आले. शाळेत चहा प्याले, फार गोड बोलले. म्हणाले, गुरुजी, तुमच्या भजनाला अख्खं गाव बसतं म्हणे, आणि आरतीपर्यंत हलत नाही म्हणे. एकदा शाळेच्या पटांगणावर ठेवा की, दुपारचं. मांडव आमचा, माईक आमचा, भोंगे आमचे. शेवटी मी दहा मिनिटं चार शब्द बोलेन. तुमच्या मंडळाच्या माणसांना कोणी हात लावणार नाही, माझा शब्द. आणि नागपूरच्या रेडिओसाठी तुमचं नाव मी स्वतः पाठवतो. मग उठता उठता म्हणाले, मला यायला जरा उशीर झाला तर भजन लांबवा, लोक उठून जायला नकोत.

मी भ्यालो होतो असं लिहिलं तर ते खोटं नाही. नोकरी जाईल ही धास्ती होतीच. पण भीतीच्या आड लपायचं वय आता राहिलं नाही. नलू, मला माईक हवा होता. आयुष्यभर मी घसा फोडून गायलो, देवळाच्या पायरीपलीकडे आवाज गेला नाही. माझा आवाज भोंग्यातून नदीपलीकडे जाईल, रेडिओवर येईल, माझं नाव कोणीतरी घेईल, ह्या विचाराने मी दोन दिवस हवेत होतो. साहेब काय बोलणार, गाडी कशाला येणार, हे मी मनाला विचारलंच नाही. मनाला म्हणालो, मी फक्त गाणार. तुरीत पळणारी माणसं रोज डोळ्यांनी पाहत होतो, तरी.

त्या दिवशी काय सुरेख भजन झालं म्हणून सांगू! लपून बसणारी माणसंसुद्धा आली, गुरुजींचं भजन आहे, इथे कसला धोका. साडेतीनच्या सुमाराला नत्थूने हात हळू केला आणि माझ्याकडे पाहिलं. गाडी आली नव्हती. मी मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं, चालू दे, आणि गजर वर नेला. त्याने चालू ठेवलं. थोड्या वेळाने पुन्हा हात हळू. मी पुन्हा गजर वर नेला. तिसऱ्यांदा त्याने हात हळू केला तेव्हा पार तिकडे, सडकेवर, मला धूळ दिसली. दोन गाड्या होत्या. माझ्यासमोर माईक होता. नुसतं ‘उठा’ म्हणालो असतो तर पटांगण रिकामं झालं असतं, तुरी दोनशे पावलांवर होत्या. मी डोळे मिटले. मिटले आणि गजर आणखी वर नेला, आणि लोकांना वाटलं, आज गुरुजींना भान नाही. मागे बसलेल्या हरिदासनेही धूळ पाहिली होती. तो अर्धा उठला, तर शेजारच्यांनीच त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढलं. बस ना बाप्पा, आरती व्हायची हाय, म्हणाले. हे मला हरिदासनेच नंतर सांगितलं, आणि सांगताना तो माझ्यावर चिडलेलासुद्धा नव्हता. अजूनही त्याला ठाऊक नाही.

अकरा माणसं नेली. त्यांना बारा हवी होती. एक शिपाई मांडवातल्या आमच्या मंडळाकडे वळला आणि मी साहेबांकडे पाहिलं, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. नत्थू सगळ्यांत कडेला होता, म्हणून नत्थू. त्याने आरडाओरडा केला नाही. खंजिरी माझ्या हातात दिली, धर म्हणाला. आणि ट्रकच्या फळीवर पाय ठेवल्यावर मागे वळून म्हणाला, आरती राह्यली, रूपराव.

पुढचं तू पाहिलंस. जखम चिघळली, पाच आठवडे वर्ध्याच्या दवाखान्यात. डोक्यावर टोपली घेणं सुटलं. तुझा धाकटा भाऊ दोन वर्षांचा होऊन वारला होता, आणखी एक मूल व्हावं म्हणून गोपिकावहिनी नवस बोलल्या होत्या, तो नवस देवाकडे तसाच पडून राहिला. खंजिरीला नत्थूने पुन्हा हात लावला नाही. ती त्या दिवसापासून माझ्या घरी खुंटीवर आहे. तू विचारायचीस, बाबा काऊन वाजवत नाहीत, आणि मी सांगायचो, हात दुखतो त्याचा. रेडिओचं पत्र कधी आलं नाही. लाज सोडून लिहितो, मी वर्षभर त्याची वाट पाहत होतो.

आणि मी तुला शिकवायला घेतलं. रोज संध्याकाळी, एक दिवस न चुकता, मग वर्ध्याच्या क्लासला, मग नागपूरला परीक्षेला मीच घेऊन गेलो. गाव म्हणालं, असा गुरुजी मिळायला भाग्य लागतं. तूही म्हणतेस, गुरुजींनी मला घडवलं. तुझा गळा चांगला होता हे खरं, पण गळा वाईट असता तरी मी शिकवलं असतं. तुला सूर लागला की मला रात्री झोप यायची. एवढंच त्याचं कारण होतं.

आता तो फोटो. तुला मी सांगितलं होतं, रामनवमीचा आहे. नाही. त्या दिवशी साहेबांनी फोटो काढणारा मांडवासोबत आधीच पाठवला होता. पुढे एका सरकारी पुस्तिकेत तो छापून आला, खाली लिहिलं होतं, कुटुंब नियोजनास ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद. एक प्रत मला मिळाली. नत्थूचा खंजिरीसह दुसरा फोटोच नाही, म्हणून तू मागितलास तेव्हा मी नाही म्हणू शकलो नाही. भिंतीजवळ जाऊन नीट बघ. मी डोळे मिटून गातो आहे, तू ज्याला तल्लीन म्हणतेस ते. नत्थू माझ्याकडे बघतो आहे. आणि वर उजव्या कोपऱ्यात, झाडांच्या मागे, पांढुरकं दिसतं ते धुकं नाही.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो. परवा शुक्रवारी नत्थू वर्गाच्या खिडकीशी न थांबता थेट माझ्या घरी आला. विमला चहा टाकत होती. तो टेबलाशी उभा राहिला आणि दौतीखालच्या पाकिटाकडे बोट दाखवून म्हणाला, हे तं नलूचं होय. त्याला अक्षर येत नाही, पण तू तिकीट नेहमी तिरपं चिकटवतेस हे तो पाच वर्षं पाहत आला आहे. मी पत्र वाचून दाखवलं, कागदही वाचून दाखवला. आणि मग मले राहवलं नाई, जे तुला वर लिहिलं ते सगळं त्याच्यासमोर बोलून टाकलं. सात वर्षांनी. त्याने चहा संपवला, बशी उपडी ठेवली आणि म्हणाला, मले मालूम होतं. तिसऱ्यांदा तुवा गजर वर नेला तवाच समजलं. मी विचारलं, मग हात काऊन नाही थांबवला बाप्पा? तर म्हणाला, तू गाऊन राह्यला होता ना. मी विचारलं, इतकी वर्षं पोरीला सांगितलं का नाहीस? म्हणाला, काहाले सांगू? ते तुह्यापाशी शिकून राह्यली होती. मग त्याने शाईची दौत स्वतः पुढे ओढली. अंगठा देतो म्हणाला, पोरगी शहाणी झाली, तिची वाट मी काहाले अडवू. पण आंधी हे तिले लिह्य, जसंच्या तसं, आन धाडाच्या आंधी मले वाचून दाखव. नाई लिहशील तं अंगठा पुसून टाकीन. आज सकाळी त्याला हे सगळं वाचून दाखवलं. कागद ह्याच पाकिटात आहे, अंगठा उमटलेला आहे. साक्षीदाराची जागा मी कोरी ठेवली आहे. मुंबईत कोणाचीही सही चालते असं तूच लिहिलं आहेस, आणि माझी सही हवीच असेल तर हे वाचून पुन्हा माग. जायचं की नाही हे मी सांगणार नाही. तुझ्या बापाचा मात्र एक निरोप आहे, निघताना उंबऱ्यात थांबून तो त्याने दोनदा घोकून घेतला माझ्याकडून: तिले इचार, गाणं चालू असताना समोर कोनाचं वाईट होऊन राह्यलं असं दिसलं, तं तिथं मधातच थांबता येते काय?

उत्तर त्याच्या नावाने लिही. मी वाचून दाखवीन.

तुझाच, गुरुजी म्हणावंसं वाटलं तर गुरुजी,
रूपराव